मिडियम वेव्हचा सिग्नल किती लांब जातो: अंदाज कसा बांधायचा, मोजायचा कसा

मिडियम वेव्हवरच्या रेडिओ (एएम) केंद्राबद्दल पहिला प्रश्न ठरलेला असतो: इतक्या किलोवॉटचं आहे, मग किती किलोमीटर ऐकू येणार? या प्रश्नात मधली जमीन राहून जाते, आणि खरा घोळ तिथेच होतो. १०० किलोवॉटच्या ट्रान्समीटरपासून ६२ किलोमीटरवर, सगळी वाट मुरमाड जमिनीची असेल तर मीटरला अडीच मिलिव्होल्टही हाती लागत नाहीत. त्याच वाटेचा निम्मा भाग समुद्र असेल तर दहा मिळतात. पॉवर तीच, अंतर तेच. हा हिशोब पुढे आकड्यांनिशी करून दाखवला आहे.

कामाचा क्रम असा ठेवा: आधी कागदावर अंदाज, मग मोजणी, मग मोजणीवरून जमिनीचा आकडा काढून पुन्हा अंदाज. थेट मीटर घेऊन रानात गेलं की आलेला आकडा बरोबर की चूक हे ठरवायला हातात काहीच नसतं.

एकक

सिग्नलची ताकद म्हणजे फील्ड स्ट्रेंथ, आणि ती मिलिव्होल्ट प्रति मीटरमध्ये मोजतात. डेसिबलमध्ये लिहिताना १ मायक्रोव्होल्ट प्रति मीटर हा शून्य धरतात. त्याला इथे डीबीयू म्हणू. १ मिलिव्होल्ट प्रति मीटर म्हणजे ६० डीबीयू, १० म्हणजे ८०, १०० म्हणजे १००. या तीन जोड्या पाठ असल्या की बाकीचं तोंडी जमतं.

ऐकायला किती पुरतं? खेड्यात, दिवसा, आसपास विजेचा गोंगाट नसेल तर अर्धा ते एक मिलिव्होल्ट. शहरात एलईडी दिवे, चार्जर आणि इन्व्हर्टर यांच्या गराड्यात पाच-दहा मिलिव्होल्टही कमी वाटतात. अमेरिकेच्या नियमांतही शहरासाठी ५ आणि उघड्या प्रदेशासाठी ०.५ मिलिव्होल्ट हेच टप्पे आहेत.

कागदावरचा अंदाज

जमीन तांब्याच्या पत्र्यासारखी असती तर सूत्र एका ओळीचं झालं असतं:

फील्ड (मिलिव्होल्ट प्रति मीटर) = ३०० × √पॉवर (किलोवॉट) ÷ अंतर (किलोमीटर)

हे ३०० आखूड उभ्या मास्टसाठी (अँटेनाच्या मनोऱ्यासाठी). पाव तरंगलांबीच्या मास्टला ३१३ धरतात, अर्ध्या तरंगलांबीच्या उंच मास्टला ३८० च्या आसपास. पहिल्या अंदाजाला ३०० पुरे. डेसिबलमध्ये हेच १०९.५ + १० लॉग(पॉवर) − २० लॉग(अंतर) असं होतं.

आता जमिनीची वजावट. त्यासाठी आधी एक संख्या काढायची. तिला ‘प’ म्हणू:

प = ०.५८२ × अंतर × फ्रिक्वेन्सी² ÷ वाहकता

अंतर किलोमीटरमध्ये, फ्रिक्वेन्सी मेगाहर्ट्झमध्ये, वाहकता (जमीन वीज किती सहज वाहू देते ते) मिलिसीमेन्स प्रति मीटरमध्ये. इथे किलोहर्ट्झ टाकलं की उत्तर दहा लाख पटीने चुकतं, आणि ही चूक दर वेळी कुणीतरी करतंच. मग वरच्या सूत्राच्या उत्तराला या घटकाने गुणायचं:

घटक = (२ + ०.३प) ÷ (२ + प + ०.६प²)

सूत्रातल्या फ्रिक्वेन्सीवरच्या वर्गाकडे नीट बघा. फ्रिक्वेन्सी दुप्पट केली की जमिनीचा त्रास चौपट. ५५८ किलोहर्ट्झवरचं मुंबईचं केंद्र आणि ११८८ वरचं विविध भारती यांची पॉवर सारखी धरली, तरी खुष्कीच्या वाटेवर ५५८ कितीतरी लांब का पोचतं, ते या वर्गात आहे.

पुण्याचं ७९२ किलोहर्ट्झ घेऊ, हडपसरहून १०० किलोवॉट धरून. ही पॉवर केंद्रांच्या याद्यांत वर्षानुवर्षं छापून येते. पण ट्रान्समीटर जुने झाले की कमी पॉवरवर चालवतात, काही केंद्रांवर डीआरएम (डिजिटल) प्रक्षेपणामुळे अ‍ॅनालॉग कॅरिअर (मूळ वाहक लहर) कमी केलेला असतो, आणि देशभरात अनेक मिडियम वेव्ह ट्रान्समीटर बंदही झाले आहेत. म्हणून निघण्याआधी आजची पॉवर आणि प्रक्षेपणाची वेळ केंद्रावर विचारून घ्या.

वाहकता १० धरली तर १० किलोमीटरवर २५९ मिलिव्होल्ट, ३० किलोमीटरवर ६१, ६० किलोमीटरवर १९.
वाहकता ३ धरली तर तेच आकडे १७३, २३ आणि ५ होतात.

दहा किलोमीटरवर फरक दीडपट, साठवर जवळजवळ चौपट. जवळच्या मोजणीत पॉवर कळते, लांबच्या मोजणीत जमीन कळते. या एका गोष्टीवर पुढची सगळी पद्धत उभी आहे.

‘प’ लहान असतो तोवर अंतर दुप्पट झालं की सिग्नल ६ डीबीने पडतो. ‘प’ दहाच्या पुढे गेला की दुप्पट अंतराला १२ डीबी. मोजणीचा कागद हातात आला की पहिली नजर या उतारावर टाका.

सूत्राच्या दोन मर्यादा ध्यानात असू द्या. वाहकता ४-५ च्या खाली आणि फ्रिक्वेन्सी चढी असेल तर ते एखाद-दीड डीबी जास्त दाखवतं. दुसरी, ते पृथ्वी सपाट धरतं. ८० ला फ्रिक्वेन्सीच्या (मेगाहर्ट्झ) घनमुळाने भागा; तेवढ्या किलोमीटरपर्यंतच ते चालतं. ७९२ साठी ही हद्द ८६ किलोमीटर आहे. त्यापलीकडे आयटीयूच्या (आंतरराष्ट्रीय दूरसंचार संघाच्या) पी.३६८ या शिफारशीतले वक्र वापरा, किंवा तेच गणित करणारा जीआरवेव्ह प्रोग्रॅम.

वाहकता कुठली धरायची?

ढोबळ आकडे असे: समुद्राचं पाणी ५०००, ओली सुपीक जमीन १० ते ३०, सर्वसाधारण जमीन ३ ते १०, कोरडा खडक किंवा वाळू १ किंवा त्याहून कमी. आयटीयूचा जगभरच्या वाहकतेचा नकाशासंग्रह पी.८३२ या क्रमांकाने मिळतो. सुरुवातीला तोच घ्या.

दख्खनच्या पठारावर एक फसगत हमखास होते. काळी कसदार जमीन दिसली, पावसाने चिंब झालेली दिसली, की माणूस लगेच २० धरून मोकळा होतो. पण १ मेगाहर्ट्झची लहर १० मिलिसीमेन्सच्या जमिनीत पाच मीटर शिरते, ३ च्या जमिनीत नऊ मीटर. वरचा मीटरभर काळा थर तिच्या हिशोबी पातळ साय आहे. खाली मुरूम आणि मग काळा पाषाण, आणि बेसॉल्ट काही चांगला वाहक नव्हे. नदीकाठी थर जाड असेल तिथे गोष्ट वेगळी. विहीर खोदलेली दिसली तर आत डोकावून थर बघून घ्या, त्याचा खरंच उपयोग होतो.

पावसाळ्यात आणि मे महिन्यात आकडे वेगळे येणार. एका रेषेवरची सगळी मोजणी एकाच मोसमात, शक्यतो एक-दोन दिवसांत उरका. अर्धी रेषा जूनच्या आधीची आणि अर्धी नंतरची असं झालं तर उतार जमिनीचा आहे की पावसाचा, ते कुणालाच सांगता येणार नाही.

लूप: तीन मीटर केबलचं काम

व्यावसायिक मोजणीला पोटोमॅकच्या एफआयएम-४१ सारखं फील्ड मीटर वापरतात. त्याच्या झाकणातच शील्ड केलेला (धातूच्या आवरणातला) लूप, म्हणजे वेढ्याचा अँटेना, बसवलेला असतो. ते नसेल तर घरी बांधलेला शील्डेड लूप आणि एक छोटा (फ्रिक्वेन्सीगणिक सिग्नल दाखवणारा) स्पेक्ट्रम अ‍ॅनालायझर यांवर दोन-तीन डीबीच्या आत काम होतं. लूपचा फायदा हा की त्याचं आउटपुट भूमितीवरून काढता येतं. टेलिस्कोपिक काठीचं तसं नाही. ती हातात धरली, गाडीवर ठेवली की आकडा बदलतो.

सामान: आरजी-५८ कोअ‍ॅक्स सुमारे ६ मीटर, वायरिंगच्या २० मिलिमीटर पीव्हीसी पाइपाचा क्रॉस (दोन तुकडे, प्रत्येकी १ मीटर) आणि खाली धरायला दांडा, बीएनसी कनेक्टर, केबल टाय, ३१ मटेरिअलचा मोठा फेराइट टोरॉइड (कड्यासारखा गाभा).

१. कोअ‍ॅक्सचा ३.१४ मीटर तुकडा मोजा, जोडाला दोन्ही टोकांना थोडा जास्त ठेवा. पाइपाच्या टोकांना बांधून १ मीटर व्यासाचा जमेल तितका गोल लूप करा. टोकं खाली, एकमेकांशेजारी.

२. लूपच्या माथ्यावर, बरोबर मध्यावर, बाहेरचं आवरण आणि जाळी १ सेंटिमीटर कापून काढा. आतलं पांढरं इन्सुलेशन आणि मधली तार शाबूत राहू द्या. फट उघडी न ठेवता हीट-श्रिंक चढवा, नाहीतर पहिल्याच पावसात जाळीत पाणी उतरतं.

३. खाली डाव्या टोकाची मधली तार आणि जाळी एकत्र करून उजव्या टोकाच्या जाळीला डाग द्या. उजव्या टोकाची मधली तार बीएनसीच्या मधल्या पिनला, जाळी बॉडीला.

४. तिथून २-३ मीटर कोअ‍ॅक्स मीटरपर्यंत न्या. लूपजवळच या केबलचे आठ-दहा वेढे टोरॉइडवर घाला. हे वेढे टाळले तर मीटरपर्यंतची केबलच अँटेना होते.

माथ्यावरची फट विसरली तर शील्ड म्हणजे बंद वेढा होतो आणि आउटपुट जवळजवळ नाहीच. तिसऱ्या पायरीतला मधल्या तारेचा जोड राहिला तर सिग्नल येतो, पण खऱ्यापेक्षा खूप कमी. दुसरी चूक जास्त घातक, कारण आकडा दिसत असतो.

आता रूपांतर. लूपमध्ये उठणारं व्होल्टेज म्हणजे ६.२८ × क्षेत्रफळ × फील्ड ÷ तरंगलांबी. १ मीटर व्यासाच्या लूपचं क्षेत्रफळ ०.७८५ चौरस मीटर. १०४४ किलोहर्ट्झला तरंगलांबी २८७ मीटर, म्हणजे १ मिलिव्होल्ट प्रति मीटरला १७ मायक्रोव्होल्ट मिळतात. या वेढ्याचं इंडक्टन्स साडेतीन मायक्रोहेन्री धरलं तर ५० ओमच्या मीटरवर त्यातले साडेपंधरा उरतात. हे सगळं एका आकड्यात बसवलं की त्याला अँटेना फॅक्टर म्हणतात, आणि तो मीटरच्या वाचनात नुसता मिळवायचा:

५५८ किलोहर्ट्झला ४१.०
७९२ ला ३८.२
१०४४ ला ३६.२
११८८ ला ३५.३

मीटरवर ७९२ ला ५२ डीबी-मायक्रोव्होल्ट दिसले तर फील्ड ५२ + ३८.२ = ९०.२ डीबीयू, म्हणजे ३२ मिलिव्होल्ट प्रति मीटर. मीटर डीबीएम दाखवत असेल तर त्यात आधी १०७ मिळवा. लूप अर्ध्या मीटरचा केला तर क्षेत्रफळ चौथाई होतं आणि सिग्नल १२ डीबीने कमी. जवळच्या मोजणीला ते सोयीचं, लांबच्या नाही. वेढे वाढवून सिग्नल वाढवायचा मोह मात्र आवरा. इंडक्टन्स वेढ्यांच्या वर्गाने वाढतं आणि ५० ओमवर सगळी कमाई त्यातच जाते.

मीटर

टायनीएसए हा छोटा स्पेक्ट्रम मीटर या कामाला पुरतो. ‘लो’ इनपुट, मध्य केंद्राच्या फ्रिक्वेन्सीवर, स्पॅन ५० किलोहर्ट्झ, रिझोल्यूशन बँडविड्थ ३ किलोहर्ट्झ. आपल्याकडे केंद्रं ९ किलोहर्ट्झच्या अंतराने बसवलेली आहेत, त्यामुळे शेजारी मोजणीत घुसत नाही. मधल्या सुळक्याची उंची वाचायची; तो कॅरिअर. बोलणं-गाणं कडेच्या बँडमध्ये असतं. निवेदक बोलत असताना आकडा एखाद डीबी नाचला तर सरासरी चालू करा.

एसडीआर (संगणकाला जोडायचा रेडिओ) वापरणार असाल तर एजीसी (गेन आपोआप बदलणारी सोय) बंद, गेन एकदा ठरवला की दिवसभर त्याला हात नाही. एसडीआरचे डीबी स्वतःच्या मोजपट्टीवरचे असतात. सिग्नल जनरेटरमधून −४७ डीबीएम, म्हणजे ६० डीबी-मायक्रोव्होल्ट, देऊन फरक लिहून ठेवा. आरटीएल-एसडीआरचा आठ बिटांचा कन्व्हर्टर शक्तिमान केंद्राजवळ लगेच गुदमरतो.

गुदमरणं ओळखायची खूण सोपी आहे. मध्ये १० डीबीचा, सिग्नल तेवढ्याने कमी करणारा, अ‍ॅटेन्युएटर घाला. वाचन बरोबर १० ने उतरलं तर ठीक. पाच-सहानेच उतरलं किंवा तेरा-चौदाने उतरलं तर आधीचं वाचन रद्द. १०० किलोवॉटच्या टॉवरपासून किलोमीटरभरावर ३ व्होल्ट प्रति मीटर असतात, म्हणजे या लूपवर ९३ डीबी-मायक्रोव्होल्ट. तिथे हा अ‍ॅटेन्युएटर लावूनच सुरुवात करा.

टेकसनसारख्या खिशातल्या रेडिओवर डीबीचा आकडा दिसतो. तो आतल्या फेराइट रॉडच्या ट्यून झालेल्या सर्किटचा असतो आणि एका मर्यादेपुढे वाढतच नाही. ‘इथे जास्त, तिथे कमी’ एवढ्यापुरता वापरा. त्याला अँटेना फॅक्टर लावू नका.

मैदानात

वेळ दिवसाचीच: सूर्योदयानंतर दोन तास ते सूर्यास्ताआधी दोन तास. त्या बाहेर आकाशातून परतलेली लहर मिसळते आणि गणित बिघडतं.

नकाशावर टॉवरपासून एक सरळ रेघ ओढा आणि रेघेच्या दोन्ही बाजूंना थोडं इकडे-तिकडे करून जागा निवडा. टॉवरच्या उंचीच्या पाचपट अंतराच्या आत काहीच मोजू नका. १ ते ३ किलोमीटरमध्ये दर अर्ध्या किलोमीटरला, १० पर्यंत दर किलोमीटरला, पुढे दर तीन-पाच किलोमीटरला एक बिंदू. पंधरा-वीस बिंदू झाले की रेष बोलू लागते. अंतर टॉवरच्या पायथ्यापासून मोजा, स्टुडिओपासून नव्हे. केंद्राचा पत्ता शहरात असतो आणि टॉवर गावाबाहेर. नवख्याचे पहिले दहा बिंदू याच कारणाने वाया जातात.

जागा कशी हवी? उघडं माळरान, शाळेचं मैदान, कापणी झालेलं शेत. साध्या विजेच्या तारांपासून पन्नास-शंभर मीटर, उच्चदाबाच्या मनोऱ्यांपासून काही शे मीटर. रेल्वेच्या ओव्हरहेड तारा, लोखंडी पूल, काटेरी तारेचं लांब कुंपण, मोबाइल टॉवर, टिनाची शेड, सगळे टाळा. मिडियम वेव्हच्या दृष्टीने सत्तर-ऐंशी मीटर उंच कुठलाही धातूचा खांब हा पाव तरंगलांबीचा अँटेनाच असतो. तो सिग्नल शोषतो आणि परत फेकतो. मुंबई-पुणे वाटेवर महामार्ग, रेल्वे आणि उच्चदाबाच्या वाहिन्या घाटात एकमेकींना चिकटून जातात, तेव्हा रस्त्याकडेला गाडी थांबवून केलेली मोजणी तिथे जवळपास निरुपयोगी.

गाडी बंद करा आणि लूप घेऊन तिच्यापासून दहा मीटर दूर जा. लॅपटॉप बॅटरीवर, चार्जर लावला तर तोच मोजला जाईल. लूप कमरेच्या वर, दांड्याला धरून उभा.

आता या कामातली सगळ्यात महत्त्वाची दोन मिनिटं. लूप उभ्या अक्षाभोवती सावकाश फिरवा. लूपची कड टॉवरकडे असते तेव्हा सिग्नल जास्तीत जास्त. तिथून बरोबर ९० अंशांवर, लूपचं तोंड टॉवरकडे आल्यावर, तो कमीत कमी; यालाच तळ म्हणू. चांगल्या जागी या तळाची खोली २० डीबीहून जास्त मिळते आणि इतकी टोकदार असते की मनगट दोन-तीन अंश हललं की निसटते. त्या क्षणी लूपच्या तोंडातून सरळ बघा: होकायंत्रावर ती दिशा टॉवरचीच निघाली पाहिजे. दिशा दहा-पंधरा अंश चुकली, किंवा खोली पसरट आली, किंवा सापडलीच नाही, तर जवळची कुठलीतरी तार दुसरा सिग्नल पाठवते आहे. जागा सोडा. जास्तीत जास्त आकडा कितीही झकास दिसला तरी सोडा. कारण बिघडलेल्या जागी आकडा कमीच येतो असं नाही, तो दुप्पटही येतो.

तळ बरोबर आला की लूप ९० अंश वळवून जास्तीत जास्त वाचन घ्या. मग पाच-दहा मीटर सरकून दुसरं, तिसरं. तिन्ही एक डीबीच्या आत असतील तर सरासरी लिहा. तीन-चार डीबी उडत असतील तर जमिनीखाली पाइप किंवा केबल असण्याची शक्यता मोठी.

वहीतली एक ओळ अशी दिसावी: ‘११:२०, ७९२, ३०.० किमी, वाचन ५२.०, अ‍ॅटे. ०, तळ २४ डीबी खोल, दिशा बरोबर, कोरडं शेत, डावीकडे १५० मी. वर ११ केव्ही.’ शेवटचे शब्द फालतू वाटतात, पण घरी गेल्यावर एक बिंदू वक्राबाहेर पडला की त्यांचीच आठवण होते.

आकड्यांतून जमीन काढणे

प्रत्येक बिंदूचं फील्ड (मिलिव्होल्टमध्ये) त्याच्या अंतराने गुणा. जमीन आदर्श असती तर हा गुणाकार सगळीकडे सारखाच आला असता. १०० किलोवॉटला ३०००. प्रत्यक्षात तो अंतराबरोबर उतरत जातो. आलेखावर टॉवरकडच्या टोकाला रेष जिथे टेकते तो आकडा म्हणजे केंद्र खरोखर किती फेकतंय ते. तिथे ३००० ऐवजी २१०० आले तर विकिरित पॉवर निम्मी आहे (वर्गमूळामुळे), मग यादीत काहीही छापलेलं असो.

हे टोक पक्कं झालं की उताराकडे वळा. स्प्रेडशीटमध्ये वाहकता ही एकच पेटी बदलती ठेवून वरचं सूत्र चालवा आणि मोजलेल्या बिंदूंवर वक्र बसेपर्यंत ती हलवा. वहीतल्या ३० किलोमीटरच्या ओळीत फील्ड ३२ मिलिव्होल्ट होतं. सूत्र ४ ला ३०.५ देतं आणि ५ ला ३७.६, म्हणजे त्या वाटेची सरासरी वाहकता साडेचारच्या आत. एका बिंदूवरून हा निकाल देऊ नये, पण रस्ता हाच.

काही अंतरानंतर सगळेच बिंदू वक्राखाली जाऊ लागले तर बहुधा जमीन बदलली. घाट ओलांडताना असं होतंच. शेपाचशे मीटरचा डोंगर आणि तीनशे मीटरची लहर एकाच मापाची असल्यामुळे दरीत सिग्नल बसतो आणि पुढच्या सपाटीवर थोडा उठतो. सूत्राला डोंगर माहीत नाही. अशा ठिकाणी अंदाज न लावता मोजावं.

समुद्र मध्ये आला तर

मालाडच्या मार्वे बाजूच्या टॉवरवरून १०४४ किलोहर्ट्झ, १०० किलोवॉट धरा आणि अलिबागपर्यंत रेघ ओढा. अंतर साधारण ६२ किलोमीटर. वांद्र्याची खाडी वगैरे बारकावे सोडले तर आधी ३२ किलोमीटर उपनगरं आणि शहर, मग कुलाब्यापुढे ३० किलोमीटर पाणी. जमिनीची वाहकता ३ धरू.

मिलिंग्टनने १९४९ मध्ये दिलेली पद्धत वापरायची. हिशोब दोन्ही बाजूंनी करायचा आणि डेसिबलमध्ये सरासरी घ्यायची.

लागणारे आकडे (डीबीयू): नुसत्या जमिनीवर ३० किमीला ८१.६, ३२ ला ८०.३, ६२ ला ६७.७. नुसत्या समुद्रावर ३० ला १००.०, ३२ ला ९९.४, ६२ ला ९३.७.

सरळ दिशेने: जमीन(३२) − समुद्र(३२) + समुद्र(६२) = ८०.३ − ९९.४ + ९३.७ = ७४.६.
उलट दिशेने: समुद्र(३०) − जमीन(३०) + जमीन(६२) = १००.० − ८१.६ + ६७.७ = ८६.१.
सरासरी ८०.३ डीबीयू, म्हणजे सुमारे १० मिलिव्होल्ट.

कुलाब्याच्या टोकाला ८०.३, आणि तीस किलोमीटर पाणी ओलांडूनही ८०.३. पाण्यावर आल्यावर सिग्नल पडायचा थांबतो, किनाऱ्यालगत तर चढतोही. सगळी जमीनच असती तर अलिबागला ६७.७, म्हणजे २.४ मिलिव्होल्ट मिळाले असते. दोन दिशांच्या उत्तरांत साडेअकरा डीबींची तफावत दिसते ती चूक नव्हे. एकच दिशा धरून थांबणं ही चूक. कोकणपट्टीवर मोजताना म्हणूनच बिंदू किनाऱ्यावर आहे की दोन-चार किलोमीटर आत, ते वहीत लिहावं. पाण्यावरून जमिनीवर चढताना सिग्नल त्या पहिल्या पट्ट्यातच झपाट्याने घसरतो.

रात्र

सूर्य मावळला की ६० ते ९० किलोमीटर उंचीवरचा, दिवसा मिडियम वेव्ह गिळणारा डी थर विरतो आणि लहर वरच्या थरांवरून परत येते. टॉवरजवळ जमिनीवरची लहर बलवान, फार लांब आकाशातली. मधल्या पट्ट्यात दोन्ही सारख्या होतात आणि एकमेकींना खोडतात. तिथे आवाज नुसता कमी-जास्त होत नाही, फाटतो, कारण कॅरिअर आणि कडेचे बँड वेगवेगळ्या वेळी बुडतात. वाहकता जितकी कमी तितका हा पट्टा केंद्राच्या जवळ सरकतो.

रात्रीचं एक वाचन म्हणजे काहीच नाही. एका जागी निदान अर्धा तास, दर दहा सेकंदांनी एक असं नोंदवून क्रमाने लावा: मधला आकडा आणि वरून दहा टक्क्यांवरचा आकडा असे दोन लिहा. सोबत तारीख आणि वेळ, कारण पुढच्या रात्री ते पाच-सात डीबीने सहज वेगळे येतात. कॅरिअर सेकंदाला एक-दोनदा लाटेसारखा वर-खाली होत असेल तर त्याच फ्रिक्वेन्सीवरचं दुसरं लांबचं केंद्र मिसळतंय. तेव्हा लूपचा तळ त्या दुसऱ्या केंद्राकडे वळवा, हेलकावा मंदावेल. मात्र त्या स्थितीतलं वाचन आपल्या केंद्राचं पूर्ण वाचन नसतं. लूप जास्तीत जास्तच्या जागेपासून जितके अंश वळवला त्याच्या कोसाइनने भागूनच ते वहीत उतरवा.